बूथ सोडून गेलेला एजंट

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक लागली, तेव्हा मी रोह्याला एका केमिकल कंपनीत फिटर होतो आणि पेणला रामवाडीत बिऱ्हाड करून राहत होतो. पक्षात मला पद नव्हतं आणि मी कधी मागितलंही नाही. पण मिसरूड फुटायच्या आधीपासून झेंडा खांद्यावर घेतलेला. खाडीकाठच्या आमच्या गावात पक्षाचं जे काही काम निघे ते फिरून माझ्याकडेच येई. यादी तपासायची, चिठ्ठ्या वाटायच्या, मतदानाच्या दिवशी बूथवर एजंट म्हणून बसायचं. बिऱ्हाड पेणला हललं तरी तेवढ्यासाठी माझं मत मी गावच्या यादीतच ठेवलं होतं.

उमेदवार कोण हे मला पक्षाकडून कळलं नाही. कळलं ते कंपनीच्या कँटीनमध्ये, माझ्याबरोबर शिफ्टला असलेल्या निडी गावच्या एका दोस्ताकडून. त्याच्या घरची भाताची शेती, हिवाळ्यात वाल. माणूस लाखातला, पण पक्ष आमच्या बरोबर उलटा. चहाचा ग्लास माझ्यासमोर ठेवत तो म्हणाला, "काय मग, आमचा माणूस न्हेलात तुमच्यात. सांभाळा हां नीट. दुपारचा झोपतो तो."

मला वाटलं, मस्करी करतोय. त्याने पेपर उघडून दाखवला. ज्याच्या विरोधात आम्ही दोन निवडणुका घसे फोडले होते, तोच माणूस आता आमचा उमेदवार. थंडीत पक्ष बदलला आणि उन्हाळ्यात तिकीट घेतलं. शेजारचे हसायला लागले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हसलो असतो.

संध्याकाळी पेणला उतरल्यावर घरी न जाता थेट तालुकाध्यक्षांकडे गेलो. बाजारात त्यांचं सिमेंट-पत्र्याचं दुकान होतं.

"साहेब, ह्या माणसाला मी गावात कोणत्या तोंडानं फिरवू?" मी विचारलं.

"आहे त्याच." ते बिल फाडत होते. "वरून ठरलंय. वरच्यांनी काहीतरी विचार केलाच असेल ना?"

"आम्हाला विचारलं का कोणी?"

"तुला विचारायला दिल्लीवरून फोन यायला पाहिजे होता काय?" मग बिलाचं पुस्तक बाजूला ठेवून ते जरा नरमले. "हे बघ, उमेदवाराचं सोड. तुझ्या गावात बहिष्काराची भाषा चालू आहे, खरं का? ते गाव आपलं हक्काचं आहे. तेवढं सांभाळ."

बहिष्काराची भाषा खरी होती, आणि तिचं कारणही खरं होतं. आमच्या गावची शेतं खाडीला लागून. खाडी आणि शेत यांच्या मध्ये मातीचा मोठा बांध असतो, त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. आदल्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीनं त्या बाहेरकाठ्याला खांड पडली. म्हणजे भगदाडच, बैलगाडी आडवी जाईल एवढं. दिवसातून दोनदा खारं पाणी आत यायचं आणि दोनदा बाहेर जायचं. उभं भात करपलं. उन्हाळ्यात शेतावर मिठाची पांढरी साय धरली. गावानं अर्ज केले. सरकारी खात्याची माणसं तीनदा येऊन टेप लावून गेली. चौथ्यांदा कोणी आलं नाही, तेव्हा गावकीनं देवळात बसून ठराव केला, की बांध होत नाही तोवर मत नाही.

त्यातलं एक शेत माझंही होतं. वडलांमागे माझ्या वाटणीचं ते माझी थोरली बहीण आणि तिचा नवरा कसायचे. तिचं लग्न गावातल्या गावातच झालेलं. आम्ही तिला बाय म्हणायचो. दरवर्षी दिवाळीनंतर तिच्याकडून माझ्या घरी तांदूळ यायचा. त्या वर्षी आला नाही. माझ्या बायकोनं दुकानातून आणला, आम्ही खाल्ला. आणि मी त्याचा फारसा विचारही केला नव्हता. कंपनीचा पगार असला की माणसाला दुकानातला तांदूळही गोड लागतो.

आठवड्याची सुट्टी आली तसा मी गावाला गेलो. पहिलं काम वेगळंच होतं. सोसायटीच्या गोदामाच्या भिंतीवर मागच्या लोकसभेला मी स्वतः, निळीनं, हातभर मोठ्या अक्षरांत ह्याच उमेदवाराला पाडायची हाक लिहिली होती. पाच पावसाळे खाऊनही ती अक्षरं जागच्या जागी. त्या वर्षी भिंती रंगवायला आयोगाची बंदी होती, त्यामुळे सगळ्या गावात वाचण्यासारखं तेवढं एकच वाक्य शिल्लक होतं. मी चुन्याची बादली घेऊन भिंतीला लागलो. पहिल्या हातानंतर अक्षरं दिसत होती. दुसऱ्या हातानंतरही नाव वाचता येत होतं.

बायचा नवरा, माझे भावजी, मिठागरावरून येताना तिथं थांबले. बिडी पेटवून निवांत बघत राहिले.

"जरा घोटून लिवलावतास त्या वक्ताला," ते म्हणाले.

"नीळ चांगली होती," मी म्हणालो.

"नील चांगली व्हती, व्हय." त्यांनी बिडी ओढली. "मानूस बदलला, भिंत नाय बदलत."

मला इतका संताप आला की मी तिसरा हात दिलाच नाही. बादली तिथंच ठेवली आणि त्यांच्याबरोबर घरी गेलो.

बायनं जेवायला वाढलं. सुक्या बोंबलाची आमटी आणि दुकानातलाच भात. मी सगळं पाठ केल्यासारखं बोललो. देशाचा प्रश्न आहे, दिल्लीत स्थिर सरकार पाहिजे, मत न देऊन आपलंच नुकसान. मिठागरावर काम करून तिच्या पायांना भेगा पडलेल्या, त्यांत ती खोबरेल चोळत होती.

"यो तू बोलतंस क तुजा सायेब?" तिनं विचारलं.

"मी बोलतोय."

"मंग तुजे शेताचं बोल. दिल्लीचं सांगतंस, तुजे शेतात पानी शिरलंय त्ये दिसत नाय तुला?"

मी म्हणालो, "उमेदवारालाच इथं आणतो. बांध दाखवू. त्यानं गावासमोर शब्द दिला तर मग तरी मत टाकाल?"

बायनं भावजींकडे बघितलं. भावजी म्हणाले, "आन. पन भरतीचे टायमाला आन. पानी खांडीतून आत येताना दिसला पायजे. वोहटीला आनशील तं चिखल बघून जाईल." त्यांनी बोटांवर तिथी मोजली आणि दिवस, वेळ काढून दिली. सकाळी नऊला पाणी भरात असेल.

पुढचे आठ दिवस मी तालुकाध्यक्षांच्या दुकानाचा उंबरा झिजवला. त्यांनी वहीत लिहून घेतलं, दोनदा खूण केली. नऊ म्हणजे नऊ, असं मी त्यांच्याकडून वदवून घेतलं. रजा टाकून आदल्या दिवशीच गावात जाऊन राहिलो. सकाळी आठपासून सगळं गाव बाहेरकाठ्यावर. बायांनी कोकमाचं सरबत करून कळशीत भरून आणलेलं. नऊला पाणी आलं. खांडीतून गढूळ पाणी असं घोंघावत आत घुसत होतं, की कोणीही पाहिलं असतं तर त्याला भाषण लागलं नसतं. दहाला पाणी थबकलं. अकराला उलटं फिरलं. एक वाजेतो खांडीत नुसता चिखल उरला आणि त्यावर खेकडे फिरायला लागले. लोक एकेक करून देवळाच्या सावलीला येऊन बसले. माझ्याशी कोणी काही बोलत नव्हतं. मला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

दीडला धुरळा दिसला. तीन जीपगाड्या आल्या. उमेदवार उतरले, मागून तालुकाध्यक्ष. त्यांना बांधापर्यंत चालत न्यायचा मी प्रयत्न केला, पण ऊन फार होतं आणि त्यांच्या पायात पांढरे बूट होते. देवळाच्या पायरीवरूनच त्यांनी हात कपाळावर धरून लांब पाहिलं.

"कुठं आहे पाणी?" त्यांनी विचारलं.

"ओहोटी लागली साहेब. सकाळी होतं," मी म्हणालो.

"ठीक आहे, ठीक आहे." मग ते गावाकडे वळले आणि पाच मिनिटं देशाबद्दल बोलले. शेवटी म्हणाले, "निवडून आल्यावर पहिलं काम तुमच्या बांधाचं."

तेव्हा बाय उठली. डोक्यावरचा पदर सारखा करत, अगदी शांतपणे तिनं विचारलं, "नवाला येतो बोल्लात, आयलात दीडला. मंग निवडून आल्यावर कवा येशाल?"

गाव हसलं. उमेदवारही हसले, पण अध्यक्षांचं तोंड आवळलं. उमेदवारांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "कोण ही बाई? समोरच्यांची आहे का?"

आणि मी म्हणालो, "नाही साहेब. गावातलीच आहे."

माझी बहीण आहे, एवढे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. बाय दोन हात अंतरावर उभी होती. तिनं ऐकलं. माझ्याकडे एकदा बघितलं, मग सरबताची कळशी उचलली आणि घरी गेली. जीपगाड्या गेल्यावर मीही तिच्या घरी न जाता तसाच पेणला परतलो. वाटेत स्वतःलाच इतकं बोललो, की एसटीत शेजारी बसलेला माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

बहिष्कार कायम राहिला. अध्यक्ष म्हणाले, "तरी तू बूथवर बस. चार मतं पडली तरी आपली पडू देत."

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला मी गावच्या मराठी शाळेत हजर. केंद्राध्यक्ष लांबच्या गावचे मास्तर होते. मोहरबंद पेटी, शाईची बाटली, कागदपत्रं असा सगळा संसार मांडून बसले होते. समोरच्या पक्षाचा एजंट शेजारच्या गावचा. आठ वाजले, नऊ वाजले. माणूस नाही. एक म्हातारं जोडपं येऊन गेलं, मग पोलीसपाटील. अकराला माझ्या यादीवर सात खुणा होत्या.

"गावात लग्न वगैरे आहे का?" मास्तरांनी विचारलं.

मी खिडकीतून बाहेर बघितलं आणि मला उत्तर मिळालं. लांब बाहेरकाठ्यावर माणसांची रांग लागली होती. बाया, बापे, म्हातारे. मिठागराला सुट्टी, कंपन्यांना सुट्टी, आणि नवमीचा भांग, म्हणजे भरती अगदी मंद, खांडीपर्यंत पाणी जेमतेम पोचणार. गावानं असा दिवस बरोबर हेरला होता. पूर्वी आमच्याकडे बांध सरकार बांधत नसे. घरटी एक माणूस बांधावर जायचा, त्याला जोळ म्हणायचे. माझ्या लहानपणी मी ते पाहिलं होतं, पुढे ते बंद पडलं. त्या दिवशी गावानं जोळ लावली होती, आणि सगळ्या गावात ते मला एकट्याला सांगितलं नव्हतं.

पक्षाचा बिल्ला लावून मी रिकाम्या वर्गात बसून राहिलो. समोर मतपेटी, पाठीमागच्या भिंतीवर बाराखडी. राग नेमका कोणाचा येत होता ते सांगता येणार नाही. उमेदवाराचा, अध्यक्षांचा, खात्याचा, गावाचा. मत न टाकून काय मिळणार, हे माझं म्हणणं आजही तेच आहे. आणि नऊला येतो सांगून दीडला येणाऱ्याला मत का टाकावं, याचं उत्तर मला तेव्हाही नव्हतं. समोरचा एजंट बाराला जेवायला म्हणून गेला तो आलाच नाही. दोनला मी उठलो. बिल्ला काढून खिशात ठेवला.

"कुठं निघालात?" मास्तर दचकले.

"घरचं काम आहे," मी म्हणालो. "यादी इथं ठेवतो."

बांधावर पोचलो तेव्हा खांड निम्मी भरत आली होती. खाली लाकडी मेढी ठोकून त्यांच्यात पेंढा कोंबलेला, आणि वरून चिकणमातीच्या ढेपा एका हातातून दुसऱ्या हातात पुढे चाललेल्या. चपला काढून मी रांगेत घुसलो. नेमका बायच्या शेजारी. तिच्या हातात ढेप होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

"तू कोन?" तिनं विचारलं. "गावातलाच हास क?"

रांगेतले सगळे थांबले. मी मान खाली घातली आणि हात पुढे केले. तिनं ती ढेप अशी दिली की निम्मा चिखल माझ्या इस्त्रीच्या शर्टावर गेला. मग कोणीतरी हसलं आणि रांग पुन्हा चालू झाली. मी फिटर माणूस, हात मेहनतीचे, पण अर्ध्या तासात कंबर धरली. बाय माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती पहाटेपासून उभी होती.

साडेचारला खांड बुजली. भावजींनी वरची माती पायानं दाबून बघितली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "चला. आता मत टाकून येवा."

एकच गलका झाला. "आँ? बहिष्कार हाय ना?"

"ठरावात काय लिवलंय? बांध होत नाय तोवर मत नाय. बांध झाला."

"सरकारनं कुठं केलाय?"

"कोनी करावा त्ये ठरावात नाय लिवलेलं."

तिथंच बांधावर भांडण लागलं. काही जण रागानं घरी गेले, पण निम्म्याहून जास्त गाव शाळेकडे धावत सुटलं, कारण पाचला दार बंद होणार होतं. मास्तर खिडकीतून बघत होते. चिखलानं माखलेली शे-दीडशे माणसं आपल्या अंगावर धावून येताहेत असं वाटून ते पोलिसाला हाका मारायला लागले. मी पुढे होऊन समजावलं. पाचच्या ठोक्याला रांगेत असलेल्यांना त्यांनी चिठ्ठ्या दिल्या. पण बोटांवर चिखल, शाई धरेना. मतपत्रिकांना डाग पडायला लागले. शेवटी शाळेच्या विहिरीवरून बादली आणून दारात ठेवली. प्रत्येकानं हात बुचकळायचे, मास्तरांच्याच टॉवेलला पुसायचे, मग शाई. शेवटचं मत पडेपर्यंत त्या टॉवेलाचा रंग खाडीचा झाला होता. बिचारे मास्तर! माझं मत सगळ्यांत शेवटी होतं. सांगायला लाज वाटते, पण शिक्का मी माझ्याच पक्षाच्या चिन्हावर मारला. इतक्या वर्षांच्या सवयीनं हात तिकडेच गेला. बाहेर आल्यावर त्याचाही राग आला.

"कोणाला टाकलंस?" मी बायला विचारलं.

"माजे कागदाला चिखल लागला," ती म्हणाली. "बाद झाला असंल." आणि मला जेवायला घेऊन गेली.

आमचा उमेदवार पडला. समोरच्यांचा एजंट माझ्याआधी दोन तास पळाला होता, तरी मी बूथ सोडल्याची बातमी त्यानंच पेणला पोचवली. अध्यक्षांनी पक्षाच्या कागदावर माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी तीनदा लिहायला बसलो. पहिल्यांदा चार पानं झाली, दुसऱ्यांदा दीड. तिसऱ्यांदा फक्त एक ओळ लिहिली, की मी दुपारी दोनपासून माझ्या शेतावर होतो. ती नेऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली आणि वजनाखाली ठेवली.

जूनमधल्या पहिल्या उधाणाला मी रजा काढून गावात राहिलो. भरती चढत होती तसे आम्ही सगळे बाहेरकाठ्यावर उभे. पाणी काठापासून वीतभर खाली आलं आणि थांबलं. एका ठिकाणी झरा लागला होता, तो भावजींनी आणि मी पेंढा कोंबून बंद केला. बाकी बांध जागचा हलला नाही. मातीतलं मीठ जायला मात्र आणखी एखादा पावसाळा लागणार होता. भावजींनी त्या वर्षी एका कोपऱ्यात तेवढा खाऱ्या जमिनीत येणारा भात लावून बघितला.

थंडीत खात्याचं पत्र आलं. सरपंचांनी ते देवळात वाचून दाखवलं. आपल्या अर्जानुसार जागेची पाहणी केली असता बाहेरकाठ्यास कोठेही खांड आढळून आली नाही, सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे. पाहणी कोणी कधी केली ते गावातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन तरुण पोरं पत्र फाडायला उठली. बाय म्हणाली, "फाडू नुको. जपून ठेव. पुढचा मत मागायला येईल, त्याला वाचायला देऊ." लोक पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही.

पुढची निवडणूक दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच आली. अध्यक्षांनी यादीची नवी प्रत रामवाडीला पाठवून दिली. बायकोनं ती माझ्यासमोर टाकली आणि आत गेली. मी दोन दिवस त्या यादीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी उघडली. दोन मेलेली माणसं त्यात जिवंत होती, आणि माझ्या बायचं नाव गळलं होतं. मी शिव्या देत पेन्सिल शोधायला उठलो.